पांढऱ्यावर पांढरी अक्षरं: सिस्टिमची थीम ओळखण्याचं एक प्रकरण

तक्रारीसोबत आलेला स्क्रीनशॉट उघडला तेव्हा मला वाटलं, फाइलच रिकामी आहे. काळपट खिडकी, काळपट टूलबार आणि मधोमध पांढराशुभ्र तक्ता. त्यात एकही अक्षर नाही. खाली स्टेटस बारमध्ये मात्र ओळींचा आकडा व्यवस्थित दिसत होता, म्हणजे फाइल वाचली गेली होती. सोबतचा मजकूर एका वाक्याचा: ‘ओळी दिसत नाहीत, पण सिलेक्ट केल्या की दिसतात.’ सगळं निदान त्या वाक्याच्या उत्तरार्धात होतं. आम्हाला ते उमगायला दोन दिवस लागले, कारण आम्ही फाइल वाचणाऱ्या कोडमध्येच शोधत बसलो होतो.

ॲप तसं साधं आहे. सर्व्हरच्या मोठ्या लॉग फाइल (घडामोडींच्या नोंदी) उघडायच्या, हव्या त्या ओळी गाळून घ्यायच्या, एरर आणि वॉर्निंगच्या ओळी रंगवून दाखवायच्या. पायथनमध्ये लिहिलेलं, त्या वेळी क्यूटी ५.१५ या खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या लायब्ररीवर चालणारं. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स तिन्हींसाठी एकच कोड. सांभाळणारे आम्ही तिघं. डार्क मोडची मागणी आली तेव्हा एका दुपारी चाळीसेक ओळींचं एक फंक्शन लिहिलं होतं. नाव होतं ‘डार्क आहे का’. उत्तर हो किंवा नाही. पुढचं सगळं रामायण या दोनच उत्तरांपायी घडलं.

तक्रार करणारा केडीई प्लाझ्मा हा लिनक्सवरचा डेस्कटॉप वापरत होता, डार्क रंगयोजनेसह. आमच्यापैकी कुणाकडेच केडीई नव्हतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनवर बसवलं. पहिल्याच वेळी तोच पांढरा तक्ता समोर आला. ओळ सिलेक्ट केली की निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं उमटत. म्हणजे अक्षरं होतीच, फक्त पांढऱ्यावर पांढरी.

हे असं का झालं ते नीट सांगतो, कारण थीमच्या बहुतेक तक्रारी याच वळणाच्या असतात. क्यूटी सुरू होताना डेस्कटॉपकडून एक पॅलेट घेतं: खिडकीचा रंग, अक्षरांचा रंग, बटणाचा रंग वगैरे. केडीईवर हे रंग केडीईच्या स्वतःच्या सेटिंग फाइलमधून येतात, त्यामुळे पॅलेट डार्क होतं आणि अक्षरं पांढरी. आमचं फंक्शन मात्र ‘डार्क नाही’ म्हणत होतं. त्यावर विसंबून आम्ही लाइट स्टाइलशीट, म्हणजे ॲपच्या रंगांची आमची यादी, चढवली. तिच्यात तक्त्याची पार्श्वभूमी पांढरी लिहिलेली होती, अक्षरांचा रंग लिहिलेलाच नव्हता. तो लिहायची कधी गरजच पडली नव्हती, कारण आमच्या मशीनवर अक्षरं काळीच यायची. पार्श्वभूमी आमची, अक्षरं डेस्कटॉपची. दोघांचं एकमेकांशी बोलणंच झालेलं नव्हतं.

घाईत केलेली दुरुस्ती अगदीच वरवरची होती: स्टाइलशीटमध्ये अक्षरांचा काळा रंग लिहून टाकला. स्क्रीनशॉटमधला प्रश्न मिटला. काळ्या खिडकीत पांढरा तक्ता ढळढळीत दिसत होता, पण वाचता तरी येत होतं. नवी आवृत्ती काढली आणि सुटलो असं वाटलं. दोन आठवड्यांत आणखी तीन तक्रारी आल्या, तिन्ही वेगवेगळ्या सिस्टिमवरून. मग ते फंक्शन पहिल्यांदाच शांतपणे वाचलं.

नसणं म्हणजे काय

फंक्शनमध्ये तीन फांद्या होत्या.

विंडोजवर रजिस्ट्रीत (सेटिंग साठवायच्या जागेत), चालू युजरच्या भागात, ‘थीम्स’ खाली ‘पर्सनलाइझ’ नावाची की असते. तिच्यात ‘ॲप्स-यूज-लाइट-थीम’ ही व्हॅल्यू: १ असेल तर लाइट, ० असेल तर डार्क. ॲप्ससाठी डार्क मोडचं सेटिंग विंडोज १० मध्ये २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आलं.

मॅकवर ‘डिफॉल्ट्स’ कमांडने ‘ॲपल-इंटरफेस-स्टाइल’ ही व्हॅल्यू वाचायची. डार्क असेल तर ‘डार्क’ असा शब्द परत येतो. लाइट असेल तर ‘लाइट’ येत नाही. ती व्हॅल्यूच अस्तित्वात नसते आणि कमांड एरर देऊन थांबते. याला इतिहास आहे. २०१४ च्या योसेमिटीत फक्त मेनू बार आणि डॉक काळा करण्याची सोय आली, तेव्हापासूनची ही खूण आहे. सगळी ॲप्स डार्क होण्याची सोय २०१८ च्या मोहावीत आली, पण खूण तीच राहिली.

लिनक्सवर ‘जीसेटिंग्ज’ कमांडने ग्नोम डेस्कटॉप वापरतो त्या जीटीके लायब्ररीच्या थीमचं नाव मागवायचं आणि त्यात ‘डार्क’ हा शब्द आहे का ते बघायचं. ‘अद्वैता-डार्क’ असेल तर डार्क. हे लिहिताना आमचं आम्हालाच हसू आलं होतं, पण त्या काळी अनेक जण असंच करत होते.

आणि या तिन्ही फांद्यांभोवती एकच कुंपण: काहीही बिनसलं, कमांड सापडली नाही, व्हॅल्यू मिळाली नाही, तर ‘नाही’ परत करा.

हे कुंपण कुठून आलं ते जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, सापडलं. मॅकची फांदी सगळ्यात आधी लिहिली होती. मॅकवर ‘एरर आली म्हणजे लाइट’ हे अगदी बरोबर आहे, ॲपलने रचनाच तशी केली आहे. मग लिनक्सची फांदी त्याच साच्यात ओतली गेली आणि मॅकवरची खरी गोष्ट तिथे खोटी ठरली. लिनक्सवर उत्तर न मिळण्याची कारणं डझनभर असू शकतात: कमांड बसवलेलीच नाही, डेस्कटॉप ग्नोम नाही, थीमचं नावच वेगळं आहे. तक्रारवाल्याच्या केडीईवर जीटीके थीमचं नाव होतं ‘ब्रीझ’. त्यात ‘डार्क’ शब्द नाही, म्हणून आमच्या लेखी तिथे लख्ख उजेड होता.

हो आणि नाही यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरं उत्तर हवं होतं. आम्ही ते विचारायच्या जागीच गिळून टाकत होतो. पुढच्या कोडला कळायला मार्गच नव्हता की हे ‘नाही’ सिस्टिमने खात्रीने सांगितलंय की आम्ही अंदाजाने ठोकलंय.

मॅकवरची अर्धी खिडकी

दुसरी तक्रार मॅकवरची: ॲपचा आतला भाग काळा, टायटल बार आणि सिस्टिमचे डायलॉग पांढरे. आमच्या मशीनवर हे काही केल्या दिसेना. एकाने डार्क मोड लावून ॲप चालवलं, सगळं व्यवस्थित काळं. दुसऱ्यानेही तेच केलं, तेच दिसलं. शेवटी कुणीतरी विचारलं, ‘अरे, तू ते टर्मिनलमधून चालवतोयस का?’ हो, टर्मिनलमधूनच. आम्ही दोघंही.

युजर मात्र बांधलेलं ॲप चालवतो. त्या बंडलच्या (ॲपच्या गठ्ठ्याच्या) इन्फो फाइलमध्ये ‘एनएस-रिक्वायर्स-ॲक्वा-सिस्टिम-अपिअरन्स’ ही की कुणीतरी फार पूर्वी ‘खरं’ करून ठेवली होती. तिचा अर्थ सरळ आहे: सिस्टिम काहीही असो, या ॲपला लाइटच रंगव. मोहावीच्या सुरुवातीला डार्कमध्ये काही चिन्हं दिसेनाशी झाली होती, तेव्हाची ती मलमपट्टी होती. टर्मिनलमधून चालवताना आमची इन्फो फाइल लागूच होत नाही, म्हणून आम्हाला रोग कधी दिसला नाही.

म्हणजे ‘डिफॉल्ट्स’ कमांड खोटं बोलत नव्हती. सिस्टिम डार्कच होती. आमचा प्रश्न चुकला होता. सिस्टिमचं सेटिंग काय आहे हे विचारून भागत नाही, मॅकओएस आपल्या ॲपला सध्या कोणत्या रूपात रंगवतंय ते विचारावं लागतं. त्यासाठी ॲपकिट या मॅकच्या लायब्ररीत ‘इफेक्टिव्ह अपिअरन्स’ आहे. तो घ्यायचा आणि ॲक्वा (लाइट) व डार्क ॲक्वा या दोघांपैकी त्याला जवळचं कोण ते विचारायचं. थेट नावाची तुलना करू नये, कारण जास्त कॉन्ट्रास्टची रूपं वेगळ्या नावांनी येतात. जवळचं कोण असं विचारलं की तीही बरोबर बाजूला पडतात.

ती जुनी की काढून टाकली. मग २०१८ सालची ती दोन चिन्हं पुन्हा गायब झाली, ती नव्याने काढली. हे काम तेव्हाच केलं असतं तर अर्ध्या तासाचं होतं.

लिनक्सवर कुणाला विचारायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण विचारायला एकच मालक नाही. ग्नोमचं सेटिंग एका जागी, केडीईचं दुसऱ्या, बाकीच्यांचं आणखी कुठे. फ्लॅटपॅक या पॅकेजच्या प्रकारात ॲप बंद खोलीत चालतं, त्यामुळे बाहेरच्या डेस्कटॉपचं सेटिंग ‘जीसेटिंग्ज’ला दिसतच नाही. ती आपली मूळची ठरावीक व्हॅल्यू देऊन मोकळी होते, एररसुद्धा देत नाही. तिसरी तक्रार हीच होती: त्याच मशीनवर साध्या पॅकेजमधलं ॲप डार्क, फ्लॅटपॅकमधलं लाइट.

यावर आता एक समाईक दार आहे: एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल. डीबसवरून (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या वाटेने) त्याच्या ‘सेटिंग्ज’ इंटरफेसला विचारायचं की ‘फ्रीडेस्कटॉप अपिअरन्स’ या गटातली ‘कलर-स्कीम’ काय आहे. उत्तर एक आकडा येतो. १ म्हणजे डार्क हवं, २ म्हणजे लाइट हवं, ० म्हणजे आमची काही पसंती नाही. ग्नोमने आपलं डार्कचं सेटिंग या पद्धतीने जोडलं ते ४२ व्या आवृत्तीत, मार्च २०२२ मध्ये. फ्लॅटपॅकच्या आतूनही हे दार उघडतं, ते बनवलंच त्यासाठी आहे.

मला त्यातलं ० फार आवडलं. आमच्या फंक्शनमध्ये जे तिसरं उत्तर नव्हतं, ते या मंडळींनी रचनेतच ठेवलं होतं.

पण व्यवहारात तेच ० आम्हाला पुन्हा अडखळवून गेलं. ग्नोमच्या सेटिंगमध्ये माणसाने लाइट निवडलं की सहसा २ येत नाही, ० येतं, कारण आत ते ‘डीफॉल्ट’ म्हणून साठवलं जातं. म्हणजे ०चा अर्थ कधी ‘मी लाइट निवडलंय’ असतो, तर कधी ‘मला कुणी विचारलंच नाही’. दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून ० आलं की आम्ही निर्णय घेत नाही, पुढच्या साक्षीदाराकडे जातो.

पुढचा साक्षीदार म्हणजे पॅलेट. क्यूटीने डेस्कटॉपकडून जे रंग घेतलेत त्यातला खिडकीचा रंग आणि अक्षरांचा रंग घ्यायचा आणि उजळ कोण ते बघायचं. अक्षरं पार्श्वभूमीपेक्षा उजळ असतील तर डार्क. आधी आम्ही फक्त पार्श्वभूमी बघून ‘निम्म्यापेक्षा गडद का’ असं करत होतो. मधल्या राखाडी रंगाच्या थीम आल्या की ते डगमगायचं. दोन रंगांची तुलना केली की रेषा कुठे ओढायची हा वादच उरत नाही.

हा साक्षीदार सगळीकडे चालत नाही. केडीईवर पॅलेट खरं बोलतं. ग्नोमवर आमच्या क्यूटीला डेस्कटॉपच्या डार्कचा पत्ताच नसायचा, पॅलेट नेहमी लाइट. तिथे पोर्टलचा १ हाच आधार. म्हणून आधी पोर्टल आणि मग पॅलेट, हा क्रम उलटा करून चालत नाही.

पोर्टलशी बोलताना दोन ठेचा लागल्या. पहिली लहान: जुन्या ‘रीड’ मेथडचं उत्तर दुहेरी वेष्टनात येतं, व्हेरियंटच्या आत व्हेरियंट. एकच वेष्टन काढून आम्ही आकड्याशी तुलना करत होतो आणि ती कधीच जुळत नव्हती. पुढे ‘रीड-वन’ नावाची मेथड आली, तिचं वेष्टन एकच. जुन्या सिस्टिमवर ती नसते, म्हणून आम्ही दोन्ही सांभाळतो: वेष्टन आहे तोवर काढत राहायचं.

दुसरी ठेच मोठी. चाचणी करणाऱ्या एकाने कळवलं, ‘नव्या आवृत्तीत ॲप उघडायला अर्धा मिनिट लागतो.’ त्याचा डेस्कटॉप म्हणजे नुसता विंडो मॅनेजर, फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम. पोर्टल बसवलेलं होतं, पण त्यामागचा भाग नीट सुरू होत नव्हता. आम्ही विचारायचो आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचो. डीबसची ठरलेली कमाल वाट असते २५ सेकंदांची. बरोबर तेवढा वेळ आमची खिडकी अडून बसत होती, एका रंगाच्या प्रश्नासाठी!

पहिली खिडकी कोणत्या रंगाची

मग विचारणं मागे ढकललं: खिडकी उघडायची, प्रश्न पाठवायचा, उत्तर येईल तेव्हा रंग लावायचे. अडणं संपलं, चमकणं सुरू झालं. डार्क वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी पांढरा झोत आणि मग काळं. अंधारात बसलेल्या माणसाला तो झोत कसा लागतो हे मला वेगळं सांगावं लागलं नाही, मी स्वतः रात्रीच काम करतो.

आता ॲप बंद होताना शेवटचं ठरलेलं रूप लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याच रंगात उघडतं. उत्तर वेगळं आलं तरच बदलतं. बहुतेक माणसं दोन उघडण्यांमध्ये थीम बदलत नाहीत, त्यामुळे झोत क्वचितच दिसतो.

हे करताना मी स्वतः एक चूक केली, ती इथे नोंदवायलाच हवी. ॲपच्या मेनूत ‘सिस्टिमप्रमाणे, लाइट, डार्क’ असे तीन पर्याय आहेत. मी शेवटचं रूप त्याच जागी साठवलं. परिणाम: सिस्टिमप्रमाणे चालणारं ॲप एकदा रात्री बंद केलं की दुसऱ्या दिवशी ते ‘डार्क’ निवडलेलं म्हणून उघडायचं आणि मग सिस्टिमचं ऐकणं कायमचं सोडायचं. माणसाने काय निवडलं आणि त्यातून आज काय निघालं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. ही चूक पकडायला आठवडा लागला, कारण आम्ही सगळे दिवसा चाचणी करत होतो.

संध्याकाळी बदलणारी सिस्टिम

जुना कोड सुरुवातीला एकदाच विचारायचा. पण २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकवर ‘ऑटो’ पर्याय आहे: दिवसा लाइट, रात्री डार्क. अशी सोय करून देणारी साधनं बाकी सिस्टिमवरही आहेत. लॉग बघणारा माणूस ॲप दिवसेंदिवस उघडं ठेवतो. संध्याकाळ झाली की सिस्टिम बदलते, क्यूटीचं पॅलेट तिच्यासोबत आपसूक बदलतं आणि आमची स्टाइलशीट सकाळचीच राहते. पुन्हा तेच: अर्धे रंग त्यांचे, अर्धे आमचे.

बदलाची बातमी प्रत्येक सिस्टिम देते. विंडोजवर सगळ्या खिडक्यांना ‘सेटिंग-चेंज’ संदेश येतो, त्यासोबत ‘इमर्सिव्ह-कलर-सेट’ असा शब्द. पोर्टल ‘सेटिंग-चेंज्ड’ सिग्नल पाठवतं. मॅकवर इफेक्टिव्ह अपिअरन्सवर लक्ष ठेवता येतं. विंडोजचा संदेश एका बदलासाठी पाठोपाठ अनेकदा येतो, म्हणून आम्ही क्षणभर थांबून शेवटच्या संदेशावरच हालचाल करतो.

क्यूटीत मात्र आम्ही स्वतःलाच फास लावून घेतला. पॅलेट बदलल्याची घटना आली की स्टाइलशीट लावायची, असं लिहिलं. स्टाइलशीट लावली की क्यूटी पुन्हा पॅलेट बदलल्याची घटना पाठवतं. पंखा जोरात फिरू लागला, खिडकी गोठली. उपाय दोन ओळींचा: ठरलेलं रूप आधीच लावलेलं असेल तर काही करू नका. या दोन ओळींवर आता ठळक अक्षरांत शेरा आहे, कारण मध्यंतरी एकाने त्या ‘अनावश्यक’ म्हणून काढल्या होत्या.

विंडोजवरच्या किरकोळ गोष्टी

विंडोजवर डार्कची दोन सेटिंग आहेत, एक ॲप्ससाठी आणि एक टास्कबारसाठी. दुसऱ्याची व्हॅल्यू ‘सिस्टिम-यूजेस-लाइट-थीम’. टास्कबार लाइट करण्याची सोय २०१९ च्या १९०३ आवृत्तीत आली. आम्ही घड्याळाजवळच्या ट्रे चिन्हासाठीही ॲप्सचंच सेटिंग बघत होतो. ॲप्स लाइट आणि टास्कबार काळा असलेल्या माणसाला काळ्यावर काळं चिन्ह दिसायचं, म्हणजे दिसायचंच नाही. चिन्ह टास्कबारवर बसतं, तर टास्कबारचंच सेटिंग बघायला हवं.

टायटल बार काळा करायला डेस्कटॉप विंडो मॅनेजरला वेगळं सांगावं लागतं. त्या गुणधर्माचा क्रमांक २०, विंडोज १० च्या जुन्या बिल्डमध्ये १९. पुढे हे क्यूटीनेच अंगावर घेतलं, आमचा कोड गेला.

ॲक्सेंट रंगाची, म्हणजे बटणं वगैरेंसाठी युजर निवडतो त्या रंगाची, गंमत सांगण्यासारखी आहे. एरवी शांत असलेल्या आमच्या एका चाचणीवाल्याने विचारलं, ‘बटणं नारिंगी कधीपासून केलीत?’ केली नव्हती. रजिस्ट्रीतल्या ‘ॲक्सेंट-कलर’ व्हॅल्यूत रंगाचे बाइट उलट्या क्रमाने असतात: आधी पारदर्शकता, मग निळा, हिरवा, लाल. आम्ही लाल, हिरवा, निळा असे वाचत होतो. विंडोज १० चा नेहमीचा निळा असा वाचला की बरोबर नारिंगी निघतो. मूळ निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट सुमारे ४.५ येतो, म्हणजे साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांनी मागितलेल्या ४.५ ला टेकलेला. नारिंगीवर तो ३.२ च्या आसपास घसरतो. यातून एक चांगलं झालं: माणसाने निवडलेल्या ॲक्सेंटवर पांढरी अक्षरं चालतील हे गृहीत धरणं सोडलं. आता पांढरी आणि काळी दोन्ही मोजून जास्त कॉन्ट्रास्टची घेतो. पिवळा ॲक्सेंट ठेवणारी माणसं असतात.

हाय कॉन्ट्रास्टची तक्रार मात्र किरकोळ नव्हती. लिहिणाऱ्याची नजर अधू आहे, त्याने काळ्यावर पिवळी अक्षरं अशी थीम लावलेली. ‘ॲप्स-यूज-लाइट-थीम’ची व्हॅल्यू त्या वेळी १ च होती, कारण हाय कॉन्ट्रास्ट हा तिच्याशी संबंध नसलेला वेगळा प्रकार आहे. आम्ही इमानदारीने लाइट समजून त्याचे निवडलेले रंग पांढऱ्याने झाकून टाकले. आता सगळ्यात आधी ‘सिस्टिम पॅरामीटर्स’मधून हाय कॉन्ट्रास्ट चालू आहे का ते विचारतो. चालू असेल तर आमची स्टाइलशीट चढतच नाही, सगळे रंग सिस्टिमचे. एररच्या ओळींना लाल रंगाऐवजी पुढे एक खूण येते. पोर्टलमध्येही ‘कॉन्ट्रास्ट’ नावाची वेगळी व्हॅल्यू आहे, तिथे १ आलं तर हेच करतो.

आता काय आहे

क्यूटी ६ वर गेलो. ६.५ मध्ये, २०२३ साली, ‘कलर-स्कीम’ ही सोय क्यूटीतच आली. तिची उत्तरं तीन: लाइट, डार्क आणि अननोन. बदलाचा सिग्नलही सोबत. विंडोज आणि मॅकवरचा आमचा बहुतेक कोड त्या दिवशी पुसला, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. विंडोजवर क्यूटीची जुनी व्हिस्टा स्टाइल (बटणं-खिडक्या काढायची पद्धत) सोडून फ्यूजन ही स्टाइल घ्यावी लागली, कारण जुनीला डार्क जमत नाही. मेनूतून निवडलेलं रूप लादण्यासाठी ६.८ पासून क्यूटीलाच सांगता येतं, त्याआधी पॅलेट हाताने भरावं लागायचं.

लिनक्सचा कोड ठेवला आहे. क्रम असा: हाय कॉन्ट्रास्ट असेल तर तिथेच थांबायचं, नाहीतर माणसाने ॲपमध्ये लाइट किंवा डार्क निवडलंय का, नाहीतर क्यूटी आणि पोर्टल, तिथून ‘माहीत नाही’ आलं तर पॅलेटची तुलना. प्रत्येक पायरी आपलं उत्तर आणि ते कुठून आलं हे दोन्ही पुढे देते. ‘अबाउट’ खिडकीत खाली बारीक अक्षरांत ते दिसतं: ‘डार्क, पोर्टलकडून’ किंवा ‘लाइट, पॅलेटवरून’. आता तक्रारीसोबत ती ओळ मागवतो, अर्ध्या वेळी तेवढ्यावरच काम होतं.

स्टाइलशीटमध्ये सुटा रंग लिहायला बंदी आहे. पार्श्वभूमी लिहिली की शेजारी अक्षरांचा रंग लिहायचाच, आणि जोडीचा कॉन्ट्रास्ट चाचणीत मोजला जातो. अक्षरांच्या जोडीला ४.५, चिन्हं आणि कडांना ३. ही चाचणी पहिल्यांदा चालवली तेव्हा आमचं लाडकं फिकट राखाडी ‘टाइमस्टॅम्प’ नापास झालं, आणि ते लाइट मोडमध्ये होतं. म्हणजे ते पहिल्यापासून वाचायला त्रासदायकच होतं, आम्हाला ते सुबक वाटत होतं इतकंच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. लिनक्सवर ट्रेचं चिन्ह ज्या पट्टीवर बसतं ती काळी की पांढरी, हे पोर्टल सांगत नाही. ‘कलर-स्कीम’ ॲप्सची आहे. ग्नोममध्ये ॲप्स लाइट असतानाही वरची पट्टी काळी असू शकते. मॅकवर चिन्ह मास्क म्हणून दिलं की सिस्टिम स्वतः रंगवते, विंडोजवर टास्कबारची व्हॅल्यू आहे, इथे काहीच नाही. सध्या चिन्हाला आतून पांढरी आणि बाहेरून गडद अशी दुहेरी कड काढली आहे. दोन्ही पट्ट्यांवर दिसतं. देखणं नाही, आणि पहिला स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यानेच परवा तसं कळवलं. आम्ही ती तक्रार उघडीच ठेवली आहे.